लॅसिक्समुळे कान जातात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या ६८ वर्षांच्या वडिलांचे हृदय अशक्त झाले आहे आणि रक्तातील क्रिएटिनिन २.८ आहे, म्हणजे मूत्रपिंडेही मंद झाली आहेत. दीड महिन्यापूर्वी फुप्फुसात पाणी साचल्याने ते आयसीयूत होते. तेथे त्यांना शिरेतून मोठ्या मात्रेत लॅसिक्स हे लघवी वाढवणारे औषध देण्यात आले आणि लघवीच्या संसर्गासाठी काही दिवस अमिकासिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनेही देण्यात आली. घरी आल्यापासून दोन्ही कानांत बारीक ‘कुईं’ असा आवाज येतो आणि टीव्ही मोठा लावावा लागतो. लॅसिक्स ४० ची गोळी दिवसातून दोनदा सुरू होती, परंतु ‘या गोळीने कान जातात’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे ती चार दिवसांपासून बंद केली आणि आता पायांवर सूज दिसू लागली आहे. दुसरीकडे, आपल्या मावशींना मेनिअरचा, म्हणजे चक्कर आणि बहिरेपणा आणणारा कानाचा आजार असून त्यांना कानासाठीच लघवीची गोळी दिलेली आहे. तेव्हा एकाच प्रकारचे औषध एकाच्या कानाला मारक आणि दुसऱ्याच्या कानाला तारक कसे, असे आपण विचारता.

कानाविषयी बोलण्याआधी एक तातडीची गोष्ट. ज्या फिजिशियननी ती गोळी लिहून दिली आहे त्यांना आजच फोन करून ती बंद केल्याचे आणि सूज आल्याचे सांगावे. अशक्त हृदयाच्या रुग्णाची लघवीची गोळी बंद झाली की आधी पाय सुजतात, मग रात्री उशा वाढवाव्या लागतात आणि त्यानंतर तोच रुग्ण पुन्हा आयसीयूत पोहोचतो. तेथे त्याला जे लॅसिक्स मिळते ते गोळीतून नसते, शिरेतून आणि मोठ्या मात्रेत असते. म्हणजे कान वाचवण्यासाठी गोळी थांबवली, तर कानाला खरोखर धोका असलेल्या उपचारापर्यंत आपणच त्यांना नेऊन सोडू. असे का, ते समजण्यासाठी अंतर्कर्णाचे काम कसे चालते हे पाहावे लागेल.

अंतर्कर्णातील ऐकण्याचा भाग, म्हणजे कॉक्लिया, गोगलगायीच्या शंखासारखा सुमारे अडीच वेढ्यांचा असतो. त्याच्या आत लांबीच्या दिशेने तीन पोकळ्या जातात आणि त्यांपैकी मधल्या पोकळीत एंडोलिम्फ नावाचा एक विलक्षण द्रव असतो. शरीरात पेशींच्या बाहेर असणाऱ्या बहुतेक सर्व द्रवांत सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असते. एंडोलिम्फमध्ये नेमके उलट आहे: पोटॅशियम लिटरमागे सुमारे १५० मिलिमोल, म्हणजे रक्तातल्यापेक्षा तीसपट किंवा त्याहूनही अधिक, आणि सोडियम जेमतेम १ मिलिमोल. शिवाय या द्रवावर सुमारे ८० ते १०० मिलिव्होल्टचा धन विद्युतभार कायम असतो. विश्रांत अवस्थेत इतका मोठा धनभार शरीरातील दुसऱ्या कोणत्याही द्रवावर आढळत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी तो मोजून दाखवला. कॉक्लियावरील त्यांच्या कामासाठी त्यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण सांगलीकडचे असल्यामुळे ताकारी-म्हैसाळचे उदाहरण देतो. उपसा योजनेत पंपहाऊस नदीचे पाणी उचलून उंचावर टाकते. तिथून पुढे कालव्यातून ते आपोआप वाहते. शेताच्या बांधावर दार उघडणाऱ्या शेतकऱ्याला मोटार चालवावी लागत नाही, कारण विजेचे बिल वर पंपहाऊसमध्ये आधीच भरलेले असते. कानात दार उघडण्याचे काम केसपेशी करतात. ध्वनिलहरीने त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस झुकतात, छिद्रे उघडतात आणि एंडोलिम्फमधील पोटॅशियम स्वतःच्या उतारानेच आत शिरते. हा उतार तयार करणारे पंपहाऊस कॉक्लियाच्या बाहेरच्या भिंतीवर असते. ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली एक पट्टी असून तिला स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस म्हणतात.

या पट्टीतील पेशींवर एक वाहक प्रथिन असते, ज्याला एनकेसीसी-१ असे नाव आहे. ते एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे चौघांना एकदम पेशीच्या आत नेते. मूत्रपिंडातील हेन्लेच्या वळणात याच प्रथिनाचे सख्खे भावंड, एनकेसीसी-२, गाळून आलेल्या सोडियमपैकी सुमारे एक चतुर्थांश सोडियम परत शोषून घेते. लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, या दुसऱ्या भावंडाला अडवते. त्यामुळे सोडियम परत शोषले जात नाही, त्याच्यामागे पाणी जाते आणि भरपूर लघवी होते. टॉर्सेमाइड आणि बुमेटानाइड यांचेही काम असेच चालते. हेन्लेच्या वळणात, म्हणजेच ‘लूप’मध्ये, काम करतात म्हणून ही लूप डाययुरेटिक गटातील औषधे. रक्तातील पातळी फार वाढली की मात्र ही औषधे दोन भावंडांत फरक करीत नाहीत आणि कानातील एनकेसीसी-१ सुद्धा अडवतात. प्राण्यांवरील प्रयोगांत शिरेतून मोठी मात्रा दिल्यावर काही मिनिटांत तो ८० मिलिव्होल्टचा भार शून्याच्याही खाली घसरतो आणि काही तासांनी हळूहळू परत चढतो. पंपहाऊसची मोटार बंद पडली, कालवा कोरडा पडला, पण बांधावरचे दार शाबूत आहे. मोटार सुरू झाली की पाणी पुन्हा येते.

मूत्रपिंड आणि कान यांचे हे नाते निसर्गानेच एका दुर्मीळ आजारात उघड करून दाखवले आहे. बार्टर सिंड्रोमच्या चौथ्या प्रकारात बाळाच्या लघवीतून मीठ सतत वाहून जाते आणि ते बाळ जन्मतःच बहिरे असते. दोन्ही अवयवांतील क्लोराइडच्या मार्गिकांना लागणारे बार्टिन हे एकच प्रथिन त्यात सदोष असते, हे २००१ मध्ये कळले. एनकेसीसी-१ नसलेले उंदीरही ऐकू शकत नाहीत आणि स्वतःभोवती गोल गोल फिरत राहतात.

हे सगळे मला पुस्तकात वाचण्याआधी एका रुग्णाने शिकवले. निवासी डॉक्टर असताना एका रात्री वॉर्डात मूत्रपिंडे निकामी झालेले पन्नाशीचे एक गृहस्थ होते. लघवी थांबली होती आणि दम वाढत होता. घाईत २० मिलिग्रॅमची दहा अँप्युल्स फोडून २० मिलिलिटरची एक सिरिंज भरली गेली आणि ती दोन-तीन मिनिटांत शिरेत रिकामी करण्यात आली. दहा मिनिटांनी ते छताकडे बोट दाखवून म्हणाले, “डॉक्टर, पंखा फिरतोय, पण त्याचा आवाज येत नाही.” तो पंखा इतका खडखडणारा होता की त्याच्याखाली स्टेथोस्कोप लावणे कठीण जाई. मी त्यांच्या दोन्ही कानांजवळ ट्युनिंग फोर्क धरला, तरी त्यांनी ‘नाही’ अशी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या वेळी त्यांनी चहावाल्याला नेहमीच्या आवाजात हाक मारली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यांच्या बाबतीत औषध चुकीचे नव्हते आणि मात्राही त्या परिस्थितीत अवाजवी नव्हती. चुकला होता तो वेग. मोठ्या मात्रेचे फ्युरोसेमाइड मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देऊ नये असा नियम आहे. त्या हिशेबाने २०० मिलिग्रॅमला ५० मिनिटे लागायला हवी होती आणि मूत्रपिंडे निकामी असताना त्याहूनही सावकाश जायला हवे होते. आज सिरिंज पंप सर्वत्र असल्यामुळे हे साधणे सोपे झाले आहे. तरीही घाईच्या वेळी हाताने ढकलण्याचा मोह होतोच.

या गटातील औषधांमुळे बहिरेपणा येतो हे वैद्यकाला नवीन नाही. एथाक्रिनिक अ‍ॅसिडमुळे ऐकू येईनासे झाल्याच्या नोंदी १९६५ मध्ये आणि फ्युरोसेमाइडच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झाल्या. यांपैकी एथाक्रिनिक अ‍ॅसिड कानाला अधिक घातक असून त्यामुळे आलेला बहिरेपणा कायमचा राहिल्याची उदाहरणे जास्त आहेत. आता ते क्वचितच वापरले जाते. फ्युरोसेमाइडचा परिणाम बहुधा दोन्ही कानांवर सारखा होतो, मिनिटांत किंवा तासांत दिसतो आणि तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणूनच एकाच कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याचे खापर लघवीच्या गोळीवर फोडून घरी बसू नये. तो वेगळा आजार असतो आणि त्याचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात.

गोळीची गोष्ट वेगळी का? तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडपैकी सरासरी निम्मेच रक्तात पोहोचते आणि तेही सावकाश. त्यामुळे रक्तातील पातळीचे ते टोक येतच नाही, ज्याला कान घाबरतो. ४० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांनी कान गेल्याचे उदाहरण माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी पाहिलेले नाही. अर्थात आपल्या वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. मूत्रपिंड मंद असल्यामुळे औषध शरीरातून बाहेर पडायला त्यांना जास्त वेळ लागतो. शिवाय रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर औषधाचा मोकळा, प्रथिनाला न चिकटलेला भाग वाढतो. त्यामुळे मात्रा वाढवण्याची वेळ आली तर ती फिजिशियनने क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन पाहूनच वाढवावी. फ्युरोसेमाइडऐवजी टॉर्सेमाइड देता येईल का, हेही त्यांना विचारण्यास हरकत नाही. त्याचे शोषण अधिक भरवशाचे असते.

आता अमिकासिनकडे वळतो, कारण आपल्या वडिलांच्या बाबतीत माझा खरा संशय त्याच्यावर आहे. आयसीयूत दिलेल्या लॅसिक्सचा परिणाम एव्हाना ओसरायला हवा होता. दीड महिन्यानंतरही दोन्ही कानांत आवाज येतो आणि टीव्ही मोठा करावा लागतो, याचा अर्थ पंपहाऊस केव्हाच सुरू झाले असून दार मोडले असण्याची शक्यता आहे. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिन ही अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके थेट केसपेशींना मारतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोल सांभाळणाऱ्या भागाला अधिक झोंबतात, तर अमिकासिन आणि कानामायसिन ऐकण्याच्या भागाला. माणसाच्या एका कानात आतल्या रांगेच्या सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांच्या सुमारे १२,००० केसपेशी असतात आणि मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत ती उगवते. आपल्याकडे ती सोय नाही.

ही दोन औषधे एकत्र आली की त्यांच्या परिणामांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. स्ट्रायातील रक्तवाहिन्या आणि कानातील द्रव यांच्यामध्ये एक पहारा असतो, जो एरवी बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. लूप डाययुरेटिकच्या मोठ्या मात्रेने त्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ आखडतो आणि तो परत सुरू होताना पहारा ढिला पडतो. नेमक्या त्याच वेळी रक्तात अमिनोग्लायकोसाइड असेल तर ते एंडोलिम्फमध्ये मोकळेपणाने शिरते. हा परिणाम इतका खात्रीशीर आहे की प्राण्यांना बहिरे करून श्रवणाचा अभ्यास करायचा असेल तेव्हा संशोधक कानामायसिनच्या एकाच इंजेक्शनपाठोपाठ लूप डाययुरेटिक देतात आणि एवढ्याने केसपेशी नष्ट होतात. यात मूत्रपिंडाचा आजार जमा झाला की अमिकासिन रक्तात रेंगाळते आणि धोका आणखी वाढतो. ही इंजेक्शने देण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी येथे बसून म्हणणार नाही. जंतू इतर औषधांना दाद देत नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर डॉक्टरला कान पणाला लावावा लागतो. परंतु पुढच्या वेळी पर्याय असेल तर हा गट टाळता यावा म्हणून ‘अमिनोग्लायकोसाइडनंतर श्रवणदोष’ असे वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवावे. आपल्या आईच्या बाजूला, म्हणजे आजी, मावशी, मामा यांच्यात, थोड्याच इंजेक्शनांनी कान गेलेले कोणी असेल तर तेही सांगावे. ही संवेदनशीलता मायटोकाँड्रियातील एका जनुकीय बदलामुळे आईकडून मुलांकडे येते. वडिलांसाठी तीच चौकशी त्यांच्या आईच्या घराण्यात करावी लागेल.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एका वाक्यात सांगतो. एनआयसीयूत ही दोन्ही औषधे अनेकदा एकत्र द्यावी लागतात आणि त्या बाळांच्या शरीरातून फ्युरोसेमाइड फार सावकाश बाहेर पडते, म्हणून अशा बाळाची ओएई आणि बेरा या श्रवणचाचण्या केल्याशिवाय त्याचे कान ठीक आहेत असे समजू नये.

आपले वडील उठताना ‘चक्कर येते’ असेही म्हणतात, असे आपण लिहिले आहे. तिचा कानाशी संबंध असेलच असे नाही. अंथरुणातून उठताना डोळ्यांसमोर अंधारी येऊन दोन क्षणांत जात असेल, तर पाणी फार निघून गेल्याने किंवा हृदयाच्या इतर गोळ्यांमुळे रक्तदाब उतरत आहे असे समजावे आणि झोपलेले असताना व उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा. खोली गरगर फिरत असेल किंवा अंधारात चालताना तोल जात असेल, तर मात्र अंतर्कर्ण तपासावे लागेल. लूप डाययुरेटिक स्वतः तोलाला फारसे धक्का लावत नाही. तोल सांभाळणाऱ्या भागात एंडोलिम्फ तोच असला तरी तेथे ८० मिलिव्होल्टचा भार नसतो, अगदी थोडका असतो. जिथे बॅटरीच लहान, तिथे ती उतरल्याचे नुकसानही लहान.

मावशींचे प्रकरण निराळे आहे. मेनिअरच्या आजारात एंडोलिम्फ साठून त्याची पोकळी फुगते. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिअर यांनी चक्कर आणि बहिरेपणाचे मूळ कानात असल्याचे मांडले आणि १९३८ मध्ये लंडन व ओसाका येथे, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मृत रुग्णांच्या कानांत ही फुगलेली पोकळी प्रत्यक्ष पाहिली गेली. शरीरातील मीठ-पाणी कमी केले तर हा फुगवटा उतरेल, या विचारातून कमी मिठाचा आहार आणि लघवीच्या गोळ्या आल्या. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात ग्लिसरॉल पाजून काही तासांत ऐकणे सुधारते का हे पाहण्याची चाचणी निघाली, तीही याच विचारातून. मावशींची गोळी बहुधा थायझाइड गटातील असेल, आपल्याकडे पुष्कळदा पोटॅशियम रोखणाऱ्या ट्रायमटेरीनसह दिली जाणारी. थायझाइड मूत्रपिंडात हेन्लेच्या वळणाच्या पुढे, वेगळ्या वाहकावर काम करते आणि स्ट्रायातील पंपहाऊसला हात लावत नाही. लघवीची गोळी हे लोकांचे नाव आहे. त्या एका नावाखाली वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी औषधे मोडतात, एवढेच आपल्या कोड्याचे उत्तर आहे.

ती गोळी मेनिअरमध्ये खरोखर किती उपयोगी आहे, याबद्दल मी आपल्याला भरघोस आश्वासन देणार नाही. २००६ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात निकषांत बसेल अशी एकही चाचणी सापडली नव्हती. मी स्वतः आधी लोणचे, पापड, फरसाण, सुके मासे आणि ताटातले वरचे मीठ बंद करायला सांगतो, तीन महिने चकरांची तारीखवार नोंद ठेवायला लावतो आणि गोळी दिलीच तर त्या वहीत फरक दिसल्याशिवाय ती पुढे चालवत नाही. मावशींनी रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम मधूनमधून तपासून घ्यावे. आणि घरात दोघांच्याही गोळ्या ‘लघवीच्याच’ म्हणून मावशींची गोळी वडिलांना कधीही देऊ नये. २.८ क्रिएटिनिन असताना ट्रायमटेरीनने पोटॅशियम इतके चढू शकते की हृदयाचे ठोके बिघडतात.

वडिलांसाठी पुढचे काम म्हणजे शुद्धस्वर श्रवणचाचणी, ज्याला आपण ऑडिओमेट्री म्हणतो. आधी कानात मळ नाही ना ते पाहून घ्यावे. उगीच सांगत नाही: औषधाने कान गेले म्हणून आलेल्या कितीतरी रुग्णांचे निम्मे दुखणे मी मळ काढून घालवले आहे. अमिकासिनची इजा उच्च स्वरांपासून सुरू होते, म्हणून शक्य असेल तिथे ८,००० हर्ट्झच्या वरची चाचणीही करावी. तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी, कारण ही इजा इंजेक्शने थांबल्यावरही काही आठवडे वाढू शकते. बोलण्यासाठी लागणाऱ्या ५०० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात घट आढळली तर श्रवणयंत्र लवकर लावावे. कानातला आवाजही त्याने बहुतेकांना सुसह्य होतो. दरम्यान गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत, कारण त्या मूत्रपिंड आणि कान दोघांनाही नको आहेत. पुन्हा कधी दाखल व्हावे लागले तर लॅसिक्स सिरिंज पंपावर सावकाश द्यावे अशी विनंती करावी. डॉक्टरांना ती अवास्तव वाटणार नाही.

चाचणीला येताना वडिलांच्या औषधांचा आयसीयूतील तक्ता सोबत आणावा. डिस्चार्ज कार्डावर ‘इंजेक्शन अमिकासिन’ एवढेच लिहिलेले असते. किती मिलिग्रॅम, किती दिवस आणि लॅसिक्सच्या किती आधी किंवा नंतर, हे त्या तक्त्यावरच सापडते. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज दिला की त्याची झेरॉक्स मिळते.